कूस उजवली, तरी जपायला हवे

६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांनी शरीराबाहेर गर्भधारणा घडवलेली मुलगी जन्मली. आज असे उपचार उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरकडच्या माणसांनाही नवे राहिलेले नाहीत.

पण होते काय? दिवस राहिले की घरात आनंदीआनंद, आणि उपचाराची गोष्ट मात्र झाकून ठेवायची. शेजारी कळू नये, सासरी कळू नये. इतकेच काय, नाव नोंदवताना नर्सबाईंनाही सांगायचे नाही. धोका आहे तो इथेच!

बीज वाढावे म्हणून इंजेक्शने देतात. त्यांनी कधीकधी बीजकोश सुजतात, पोटात पाणी साठते. दिवस राहिल्यावर हा त्रास वाढूही शकतो. पोट फुगले, धाप लागली, लघवी कमी झाली, तर ‘गॅस झाला असेल’ म्हणून ओवा देत बसू नका.

गर्भ गर्भाशयात सोडलेला असला, तरी क्वचित तो नळीत रुजतो. मग पोटात एका बाजूला कळ येते, अंगावर जाते, भोवळ येते. नळी फुटली तर आत रक्तस्राव होऊन जिवावर बेतते. अशा वेळी घटकाभरही थांबू नये.

पुढच्या महिन्यांत जुळे असेल तर बाळंतपण वेळेआधी होण्याची भीती असते. रक्तदाब वाढतो; डोके ठणकते, डोळ्यांपुढे अंधारी येते. वार खाली असली तर न दुखताही रक्त जाते. बहुतेकींचे सुखरूप पार पडते. पण खूण ओळखता आली पाहिजे.

उपचार ठाण्याला किंवा मुंबईला झालेला असतो आणि कळ उठते ती रात्री, घरी. उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात नेले, तर तिथल्या डॉक्टरांना काय कळणार? म्हणून कागद जवळ ठेवा. कोणती औषधे दिली, गर्भ किती सोडले, कोणत्या तारखेला, हे त्यात असू द्या. चालू गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते, ती चुकवू नका. अडीअडचणीला १०८ क्रमांक आहेच.

आणि गुरुजी, बाई, गावात तुमच्या शब्दाला मान आहे. औषधाने मूल होणे ही लाजेची गोष्ट नव्हे, एवढे जरी तुम्ही चार घरांत पटवलेत, तरी एखादी लेकीसून वेळेवर दवाखान्यात पोहोचेल.