बहुरूपी, बोलपट आणि बिदागी



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा आमच्या एका स्नेह्यांनी विचारले, "खोटा अनुबोधपट म्हणजे काय हो? खोटा दस्तऐवज ठाऊक आहे, खोटा रुपया ठाऊक आहे." आम्ही म्हटले, हा त्यांचाच मावसभाऊ समजा.

आमच्या पिढीचा अनुबोधपटाशी परिचय सक्तीचा. मुख्य बोलपटाआधी फिल्म्स डिव्हिजनचा माहितीपट चालू होई, एक धीरगंभीर आवाज धरणाची उंची सांगे आणि आम्ही खारे दाणे खात ती ऐकत असू. ऐकत कमी असू, खरे. पण तो आवाज खोटे सांगेल अशी शंका कधी आली नाही. ह्या विश्वासाचेच सोंग घेऊन जो विनोदी चित्रपट उभा राहतो त्याला इंग्रजीत मॉक्युमेंटरी म्हणतात. आम्ही त्याला सोंगपट म्हणतो. शब्द न आवडल्यास सभा संपल्यावर दुसरा सुचवावा.

त्यातला सर्वांत गाजलेला म्हणजे २००६ सालचा 'बोराट'. साशा बॅरन कोहेन हा इंग्रज नट कझाकस्तानचा वार्ताहर बनून अमेरिकेत हिंडतो. त्याला भेटणाऱ्यांपैकी बहुतेकांना तो खराच वार्ताहर वाटला; त्यांनी कागदावर सह्या केल्या आणि मन मोकळे केले. एका रोडिओच्या मैदानात तो युद्धाविषयी भलतेसलते बोलतो आणि प्रेक्षक आधी टाळ्या देतात. आम्ही हसलो, आणि हसता हसता अंगावर काटाही आला. टाळ्या खऱ्या होत्या ना! लिहिलेल्या नाटकात हे दाखवले असते तर आपण म्हटले असते, लेखकाने जरा अतिशयोक्ती केली. सोंगपटाची सारी ताकद ह्या एका गोष्टीत आहे.

पण हे आपल्याला नवे आहे काय? आमच्या लहानपणी वाड्याच्या दिंडीतून बहुरूपी येई. खाकी पोशाख, हातात दंडुका, आणि आल्या आल्या वॉरंटाची भाषा. सगळ्या बायका पदर तोंडाला लावून हसत. एकदा मात्र निराळे झाले. मागल्या खोलीत नव्याने राहायला आलेले एक कारकून बाहेर आले आणि पोलीस पाहताच पांढरे फटक पडले. त्यांचे काही प्रकरण होते की नुसताच भित्रा स्वभाव, ते आम्हाला कधी कळले नाही. बहुरूप्याने मात्र ते तोंड पाहिले आणि तत्क्षणी दंडुका काखेत मारला, टोपी काढली, वाकून मुजरा केला आणि म्हणाला, "मालक, पोटासाठी सोंग आणलंय." कारकुनांनी त्याला चार आणे दिले. त्या काळी चार आणे म्हणजे काही थोडे नव्हेत.

ह्या चार आण्यांत पुष्कळ काही आहे. ज्याला फसवले त्याच्यासमोरच सोंग उतरले, त्याच घटकेला. शेवटचा शब्द फसलेल्याचा राहिला: द्यायची तर बिदागी, नाही तर शिवी. शिवाय बहुरूप्याला समोरचा चेहरा दिसत होता आणि तो पाहून त्याने खेळ आवरला. चित्रपटाचे उलटे आहे. चेहरा जितका भेदरलेला, तितका तो तुकडा संकलकाच्या टेबलावर मौल्यवान. तो कापला जाणार नाही, जपला जाईल. आणि सोंग उतरणार कुठे? वर्षभराने, परक्या गावच्या चित्रगृहात, फसलेला माणूस हजर नसताना.

रुमानियातल्या ग्लोड ह्या गावाचे असेच झाले. बोराटचे कझाक गाव म्हणून जे पडद्यावर दिसते ते हे. वस्ती बरीचशी रोमा लोकांची, अत्यंत गरीब. आपल्या हलाखीवर माहितीपट निघतो आहे असे आपल्याला सांगितले होते, असे गावकऱ्यांनी पुढे म्हटले. काहींनी अमेरिकेच्या न्यायालयात दावा लावला. तो टिकला नाही. रोडिओतल्या टाळ्यांना हसताना आम्हाला जे समाधान वाटले, ते ग्लोडच्या चिखलाला हसताना पार नाहीसे झाले. तिथे कोणाचे ढोंग उघडे पडत होते? गरिबीला ढोंग कसले! गंमत अशी की ज्या देशाची नालस्ती झाली त्या कझाकस्तानने आधी संताप केला, पण २०२० साली दुसरा भाग आला तेव्हा बोराटचेच 'व्हेरी नाइस' हे शब्द घेऊन पर्यटनाची जाहिरात केली. सरकारला जमते ते. जाहिरात करायला ग्लोडजवळ काय होते?

मराठीत ह्याच्या जवळचे म्हणून आम्ही २००८च्या 'वळू'कडे बोट दाखवू. दिग्दर्शक उमेश कुलकर्णी आपल्या पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले. गावात मोकाट वळू, त्याला धरायला आलेला वनाधिकारी, आणि त्याच्याबरोबर ह्या मोहिमेचा माहितीपट काढायला आलेला धाकटा भाऊ. कॅमेरा दिसला की गावातला प्रत्येक जण घसा साफ करून डुरक्याच्या अपराधांचा पाढा वाचतो; आपलेही दोन-चार अपराध त्याच्या नावावर खपवतो. मोहन आगाशे, दिलीप प्रभावळकर, भारती आचरेकर, सारे नट. फसवलेला कोणीच नाही. कोणी म्हणेल, मग त्यात धाडस कसले? आक्षेप खरा आहे. लिहिलेल्या संवादाला रोडिओतल्या टाळीची धार येत नाही, हे आम्ही कबूल करतो. तरीही 'वळू' पाहून आपण कोणाच्या गरिबीला हसलो असे वाटत नाही, आणि आम्ही तो पुन्हा पाहू शकतो. 'बोराट' पुन्हा पाहायला बसलो तेव्हा ग्लोडचा भाग येताच उठून पाणी प्यायला गेलो.

हल्ली तर प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. परवा टिळक रस्त्यावर दोन पोरांनी आम्हाला गाठले आणि पुढे फोन धरून अत्यंत गंभीरपणे विचारले, "काका, दुपारी एक ते चार सावली वापरण्यावर कर बसणार आहे, तुमचे मत काय?" आम्ही मत दिले. चांगली पाच मिनिटे दिले. मग एकाला हसू आवरेना, तेव्हा सोंग कळले. आम्ही म्हटले, "आता हे आधी आम्हाला दाखवा." त्यांनी तिथेच दाखवले. आम्ही त्यात फारच तावातावाने बोलत होतो. "काका, ठेवू की पुसू?" धाकट्याने विचारले.

आम्ही म्हटले, ठेवा. पण आमचा सदरा उसवलेला दिसतो आहे, तेवढा भाग काढा.