हरवलेलें मूल आणि शोध करणारीं माणसें



हरवलेल्या मुलाचा शोध हा रहस्यपटांचा जुना विषय आहे. मूल कोठें असेल, या एकाच चिंतेनें प्रेक्षक शेवटपर्यंत खिळून राहतो. अनुराग कश्यप यांचा ‘अग्ली’ हा हिंदी चित्रपट वरवर पाहतां त्याच जातीचा आहे. २०१३ सालीं तो फ्रान्समधील कान येथें दाखविण्यांत आला व २०१४ च्या डिसेंबरांत आपल्या देशांत प्रदर्शित झाला. परंतु त्यांतील खरें रहस्य मुलीच्या ठावठिकाणाचें नसून तिचा शोध करणाऱ्यांच्या अंतःकरणाचें आहे.

कथा मुंबईंत घडते. दहा वर्षांच्या कलीचे आईबाप विभक्त झालेले आहेत. नट होण्यासाठीं धडपडणारा बाप तिला मोटारींत बसवून मित्राच्या घरीं जातो. परत येतो तों मोटार रिकामी! आईचा दुसरा पति पोलीस अधिकारी; तेव्हां तपासाला साधनांची उणीव नाहीं. पण त्याला मुलीपेक्षां तिच्या बापाचा अपराध शोधण्याची घाई अधिक. इकडे खंडणी मागणाऱ्यांत जवळचींच माणसें निघतात, आणि मुलगी त्यांच्यापाशीं नसतेच! शोध सर्वांचा चालू, पण प्रत्येकाचा निराळ्याच वस्तूचा.

यांतील पोलीस ठाण्याचा प्रसंग विसरतां येत नाहीं. ‘देऊळ’साठीं राष्ट्रीय पारितोषिक मिळविणारे आपले गिरीश कुलकर्णी येथें फौजदाराच्या भूमिकेंत आहेत. बाप घाबरून तक्रार द्यावयास आला आहे; आणि हे महाशय भ्रमणध्वनीवर फोन करणाऱ्याचें चित्र कसें उमटतें, याची सावकाश चौकशी करीत बसतात. प्रेक्षकाला हसूं येतें आणि लगेच त्या हसण्याची लाज वाटते. कारण तिकडे मुलीचा वेळ चालला आहे.

हा वेळच मोलाचा. १० मे २०१३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें आदेश दिला कीं, मूल हरवल्याची तक्रार येतांच गुन्हा नोंदवावा आणि तें पळविलें गेलें आहे असें गृहीत धरून तपास करावा. मुलांच्या साहाय्यासाठीं १०९८ हा विनामूल्य दूरध्वनि-क्रमांकहि आहे. ही सेवा १९९६ सालीं मुंबईंतच सुरू झाली. आपल्या नागपूरच्या स्थानकावर दिल्ली-चेन्नई आणि मुंबई-हावडा हे दोन्ही मोठे लोहमार्ग एकत्र येतात. सायंकाळीं येथें चुकलेलें मूल सकाळीं परप्रांतांत असूं शकेल, जेथली भाषाहि त्यास कळणार नाहीं. म्हणून अशा वेळीं अलीकडचें छायाचित्र व अंगावरील कपड्यांचें वर्णन घेऊन तत्काळ ठाणें गांठावें.

कलीचें पुढें काय झालें, तें चित्रपटांतच पाहावें. मीं आयुष्यभर वर्गांत हजेरी घेतली. एखाद्या नांवाला उत्तर आलें नाहीं, म्हणजे मास्तर प्रथम ‘तो कोठें आहे?’ असें विचारतो. ‘चूक कोणाची?’ हा प्रश्न मूल सांपडल्यावर विचारावयाचा असतो. त्या चित्रपटांतील सुशिक्षित माणसांनीं हा क्रम उलटा केला. आपल्या घरांत तो उलटूं नये, एवढेंच मला सांगावयाचें होतें.