‘असतं तर’चं इंग्रजी

(परदेशी शिक्षणासाठी इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या मराठी मुलामुलींसमोर यशवंतपूर, बंगळुरू इथे केलेलं भाषण.)



इथून जवळच मार्केट यार्ड आहे. महाराष्ट्रातून कांद्याचे ट्रक तिथे येतात. माझे वडील अशाच एका ट्रकवर बसून सोलापूरहून आले आणि यार्डात हमाली करत राहिले. मराठी, हिंदी, कानडी आणि कामापुरती तमिळ त्यांना येते. तरी घरी इंग्रजीतला कागद आला की म्हणायचे, “आपल्याला कुठं भाषा येते?” चार भाषा बोलणारा माणूस असं म्हणतो! कोणती भाषा मोजायची आणि कोणती नाही, हे दुसऱ्याच कुणीतरी ठरवलेलं असतं.

मी पदवीनंतर क्लास लावला. पहिल्या दिवशी उभं राहून म्हणालो, “आय लिव्ह हिअर सिन्स ट्वेंटी इयर्स.” वर्ग हसला, शिकवणारेही हसले. पुढचे दोन महिने मी तोंड उघडलं नाही. काय चुकलं ते कुणी सांगितलंच नाही, म्हणून आज मी सांगतो. मराठीत आपण “वीस वर्षांपासून इथे राहतो” असं वर्तमानकाळात म्हणतो. इंग्रजीला तिथे प्रेझेंट परफेक्ट लागतो: “आय हॅव लिव्ड हिअर फॉर ट्वेंटी इयर्स.” किती काळ ते सांगताना ‘फॉर’, कधीपासून ते सांगताना ‘सिन्स’. दोन मिनिटांची गोष्ट होती. तिच्यापायी माझे दोन महिने गेले.

तुम्हाला गाठायची आहे ती बी-टू ही सहा पायऱ्यांमधली चौथी पायरी. आयईएलटीएसमध्ये ती साधारण साडेपाच ते साडेसहा बँडच्या आसपास येते. तिथे लेखन आणि संभाषण या दोन्ही भागांत व्याकरणाचा वाटा पाव असतो. आणि आपला गावाकडचा हेल? समोरच्याला समजत असेल, तर नुसत्या हेलाचे गुण कापत नाहीत. त्यामुळे हेल लपवण्यात वेळ घालवू नका, तोच वेळ वाक्यांना द्या.

बी-टूचं सगळ्यात अवघड म्हणून जे दाखवतात, ते थर्ड कंडिशनल. ते तर आपल्या घरात रोज बोललं जातं. माझी आजी म्हणायची, “शाळेत आत बसू दिलं असतं, तर तुझा आजा मास्तर झाला असता.” जे घडलं नाही आणि आता घडणारही नाही, त्याचं हे व्याकरण. आपल्या माणसांइतकं ते कुणी वापरलं असेल?

परवा अर्जासोबतच्या निबंधात मी हे वाक्य इंग्रजीत लिहायला बसलो आणि अडकलो. आत बसू दिलं नाही, पण कुणी? आजीने कर्ता सांगितलाच नव्हता. मराठीत तो गाळता येतो आणि गावात राहायचं तर गाळावाही लागत होता. इंग्रजीत दोनच वाटा दिसल्या. पॅसिव्ह घेतला तर “ही वॉज नॉट अलाउड”, म्हणजे कर्ता पुन्हा गायब. मी दुसरी वाट घेतली: “द टीचर मेड हिम सिट आउटसाइड.” मास्तराने त्याला बाहेर बसवलं. आमच्या घरात हे वाक्य कर्त्यासकट पहिल्यांदाच लिहिलं गेलं. पॅसिव्ह शिका, परीक्षेत तो लागतोच. पण कर्ता ठाऊक असताना भीतीपोटी त्याच्या आड लपू नका.

एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये बाबासाहेबांना संस्कृत शिकू दिलं नाही, फारसी घ्यावी लागली. पुढे संस्कृत ते स्वतःच्या हिमतीवर शिकले. १९१३ साली कोलंबियाला गेले आणि १९३६ साली ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ इंग्रजीत छापून जगापुढे ठेवलं. व्याकरण ही कुणाच्या रक्तातून येणारी गुणवत्ता असती, तर हे झालं असतं का? हेही ‘असतं तर’चंच वाक्य. आज घरी जाऊन इंग्रजीत लिहून बघा.

शेवटी एक काम सांगतो. तिघातिघांचे गट करा. प्रत्येकाने चुकांची वही ठेवा: डाव्या पानावर चुकलेलं वाक्य, उजव्या पानावर दुरुस्त केलेलं, खाली मराठीत कारण. आठवड्यातून एकदा वह्या बदलून वाचा. नियम एकच, कुणी कुणाला हसायचं नाही. हसणारे आपल्याला बाहेर पुष्कळ भेटले आहेत.

जय भीम.