थिबा राजाचं छप्पर



समुद्र इथून, वेळापूरहून, सरळ रेषेत सुमारे २०० किलोमीटर. तरी वैशाखातल्या या उकाड्यात मी तुम्हाला रत्नागिरीला, एका घराच्या छपराखाली नेणार आहे. ते घर पाहून आल्यावरच मला तुमची माळवदं, ही सपाट मातीची छपरं, नीट दिसायला लागली.

थिबा हा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. १८८५ साली इंग्रजांनी त्याचं राज्य घेतलं आणि १८८६ मध्ये राणी सुपायालत आणि मुलींसह त्याला रत्नागिरीत आणून ठेवलं. सुरुवातीची २४ वर्षं तो बंगल्यांत राहिला. मग १९१० साली सरकारनं त्याच्यासाठी हा राजवाडा बांधून पुरा केला. रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक त्या वर्षी मंडालेच्या तुरुंगात, लाकडी कोठडीत होते. आणि मंडालेचा राजा, ज्याचा महाल सागवानाचा होता, तो रत्नागिरीत दगडी भिंतींआड राहायला आला.

पण हा दगड आपल्या ओळखीचा नाही. तुमच्या अर्धनारी नटेश्वराच्या देवळाचा काळा पाषाण छिन्नीला दाद देतो, एकदा कोरलं की शतकानुशतकं ती रेघ टिकते. कोकणातला जांभा तसा नाही. खाणीतून निघताना तो इतका मऊ असतो की हत्यारानं त्याचे चिरे सहज पाडता येतात, आणि वारा लागला की तो कठीण होत जातो. मी त्या वाड्याच्या भिंतीवर हात ठेवला. हाताला लागली ती भोकंच भोकं, मधाच्या पोळ्यासारखी, आणि काही भोकांत हिरवं शेवाळ. अशा दगडावर नाजूक नक्षी उतरत नाही. म्हणून कारागिरांनी हौस लाकडावर भागवली. खिडक्यांच्या अर्धवर्तुळाकार लाकडी कमानी पाहाव्यात, दगडानं जे नाकारलं ते सुतारानं तिथं करून दाखवलंय. आत नृत्याच्या दालनात संगमरवराची फरशी आहे, मागच्या बाजूला बुद्धमूर्ती आहे. राजाचं ब्रह्मदेशाशी नातं त्या मूर्तीत आहे, घराच्या बांधणीत मला ते फारसं दिसलं नाही.

बांधणी ठरवली पावसानं. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. आपल्याकडे ५०० च्या आसपास, तोही रुसत रुसत. त्यामुळे तिथं छपराला एकच काम: पाणी क्षणभरही थांबू द्यायचं नाही. तीन मजली वाडा, पण त्याच्या माथ्यावरचं छप्पर साध्या कोकणी घरासारखंच उतरतं. जून महिन्यात वळचणीला उभं राहिलं की पागोळ्यांचा पडदा समोर लागतो, आणि त्याच्या पलीकडे भाट्याची खाडी अंधुक दिसते. सरकारला बंदिवानासाठी घर हवं होतं, थिब्याला राजाला साजेसं हवं होतं. छपराच्या बाबतीत दोघांनाही आषाढाचं ऐकावं लागलं.

आता तुमचं माळवद घ्या. तुळया, त्यावर कडीपाट, वर पांढऱ्या मातीचा जाड थर. वैशाखातलं ऊन त्या मातीत मुरतं, खोलीत उतरायला त्याला संध्याकाळ होते. तोवर बाहेर गारवा पडलेला असतो आणि घरातली माणसं वर अंथरूण टाकतात. वाळवणं तिथंच, पालखीच्या मुक्कामाला वारकऱ्यांची पथारीही तिथंच. रत्नागिरीत हे छप्पर एक श्रावण काढणार नाही. आणि थिब्याचं छप्पर इथं आणलं तर अंथरूण टाकायला जागा कुठली!

थिबा त्या वाड्यात जेमतेम सहा वर्षं राहिला. डिसेंबर १९१६ मध्ये तो तिथंच वारला, त्याची समाधीही रत्नागिरीतच आहे. १९१९ मध्ये राणी ब्रह्मदेशात परतली. वाड्यात पुढे सरकारी कचेऱ्या आल्या, नंतर वस्तुसंग्रहालय झालं. राजाचं घर म्हणून वाडा टिकला, त्याची मापं घेतली गेली, छायाचित्रं निघाली.

तुमच्या माळवदांची मापं कोण घेणार? याच दिवसांत कोकणात लोक घराच्या शाकारणीला वर चढतात, कौलं उतरवतात, फुटकी बदलतात. आपल्याकडेही पावसाआधी माळवदावर माती टाकायची रीत होती. ती टाकणारे हात कमी झाले आणि घरामागून घर स्लॅबखाली किंवा पत्र्याखाली गेलं. त्या पत्र्याखाली दुपारी बसवत नाही, हे तुम्ही मला सांगायला नको.

मी उद्या दुपारपर्यंत गावात आहे. बरोबर टेप आहे, वही आहे. ज्यांच्या घरी माळवद अजून उभं आहे, त्यांनी व्याख्यानानंतर जरा थांबावं. शिडी मात्र तुमची लागेल.