गवत पायऱ्यापायऱ्यांचं का कापलं जातं?

बंगळुरूहून बोलतोय. फौजेत छावणीची मैदानं राखायचं काम बरंच पाहिलं, म्हणून लोक आजही विचारतात, की ट्रॅक्टरमागे स्लॅशर फिरवला तरी एक पट्टा उंच, एक बुटका असं का होतं? बहुतेक जण लगेच पाती बदलतात. मी म्हणतो, आधी टेप आणा.

ट्रॅक्टर सपाट काँक्रीटवर घ्या. मागच्या दोन्ही टायरांत हवा सारखी हवी. एकात कमी असेल तर पुढचं सगळं माप खोटं. यंत्र कापणीच्या उंचीवर आणा, इंजिन बंद, किल्ली खिशात, खाली लाकडी ठोकळे. नुसत्या हायड्रॉलिकवर विसंबून हात आत घालायचा नाही! आता हातमोजे घालून पातं डावीकडे फिरवा, टोकापासून जमिनीपर्यंत मोजा. तेच पातं उजवीकडे नेऊन पुन्हा मोजा. फरक दिसला तर उजव्या लिफ्ट रॉडचं हँडल फिरवून तो काढा.

मग पुढचं-मागचं. पुढची कड मागच्यापेक्षा एक-दोन सेंटिमीटर खाली हवी. हे टॉप लिंकनं जमतं. मागची कड खाली गेली तर कापलेलंच गवत पुन्हा कापलं जातं आणि इंजिनावर भार येतो.

यंत्र बरोबर असूनही चाकाच्या वाटेत गवत उभं राहिलं, तर ते ओलं होतं असं समजा. चाकाखाली आडवं झालं, पात्याला सापडलंच नाही. इथे एप्रिल-मेच्या वळवापासून ऑक्टोबरपर्यंत पाऊस, त्यामुळे ऊन पडायची वाट बघावी लागते. गवत गुडघ्याला लागलं असेल तर पहिला हात उंच, दुसरा आडवा आणि खाली. पीटीओ ५४० वर ठेवा, गिअर खालचा. घाई केली की पाती गवत कापण्याऐवजी ओरबाडतात. दोन पट्ट्यांत वीतभर तरी चढ ठेवा.

आणि दगड. लालबागेतला तो खडक पाहिलाय ना, सुमारे ३०० कोटी वर्षांचा? तसला दगड इथे कुठेही डोकं काढतो. पावसानं लाल माती धुतली की कालपर्यंत साफ असलेल्या मैदानात खडे उघडे पडतात. हिशेब करा: दीड मीटर व्यासाचं पातं मिनिटाला १००० फेरे घेत असेल, तर त्याचं टोक ताशी जवळपास २८० किलोमीटरनं धावतं. त्या टोकाला लागलेला खडा म्हणजे गोळीच. म्हणून ट्रॅक्टर काढण्याआधी मैदान पायी चाला, दगड वेचा, मागची साखळ्यांची झालर शाबूत आहे का बघा. पोरं कडेला क्रिकेट खेळत असतील तर कापणी उद्या.