काटा, काडी आणि घड्याळ



कोल्हापूरला विमानाचं नवल नाही. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ साली, उजळाईवाडीला विमानतळ झाला. पण विमान घरी बांधायचं म्हटलं, की आपण चमकतो. मुंबईच्या कांदिवलीत अमोल यादव या वैमानिकाने इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. २०१७ साली त्याची रीतसर नोंदणीही झाली.

मी उद्यमनगरात इंजिनं दुरुस्त करणारा माणूस. मला पहिला प्रश्न पडतो तो पेट्रोलचा. मोटरसायकल बंद पडली तर ढकलत पंपावर नेता येते. आकाशात काय ढकलणार?

उपाय मात्र साधे आहेत. पहिला काडीचा. रिकाम्या टाकीत पाच-पाच लिटर मोजून ओतायचं, दर वेळी काडी सरळ बुडवायची आणि ओल्या रेषेवर खूण करायची. ही काडी त्याच टाकीची. दुसऱ्या टाकीला ती चालत नाही. शेपटीखाली चाक असलेलं विमान नाक वर करून उभं राहतं, म्हणून खुणा आणि मोजणी एकाच स्थितीत हव्यात.

दुसरा उपाय पारदर्शक नळीचा. टाकीला वर आणि खाली जोडलेल्या नळीत टाकीइतकीच पातळी दिसते. तिसरा, जुन्या 'पायपर कब' विमानातला. टाकीच्या झाकणातून एक तार वर येते, तिच्या खालच्या टोकाला तरंगता गोळा. पेट्रोल घटलं, की तार खाली जाते. चौथं साधन घड्याळ. इंजिन तासाला किती पितं हे माहीत असलं, की उरलेल्याचा हिशेब लागतो.

पण हिशेब चुकला तर? २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ विमानाचे इंधनमापक बंद होते. टाक्या हाताने मोजल्या, मोजमाप बरोबर आलं. पण लिटरचं वजन काढताना किलोऐवजी पौंडाचा आकडा धरला. गरजेच्या निम्म्याहून कमी इंधनावर विमान उडालं आणि वाटेत दोन्ही इंजिनं बंद पडली. वैमानिकांनी ते तरंगत गिमली इथल्या जुन्या धावपट्टीवर उतरवलं. सगळे ६९ जण वाचले.

म्हणून काटा, काडी आणि घड्याळ, तिघांनाही विचारावं. तिघांचं जुळलं नाही, तर सर्वांत कमी आकडा खरा मानावा, आणि कारण सापडेपर्यंत विमान जमिनीवरच ठेवावं.