शहरातील भाड्याची खोली आणि गावाची जबाबदारी

(पंचायत सदस्य, शिक्षक व विस्तार अधिकारी यांच्या अभ्यास शिबिरात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दोन दिवसांच्या या शिबिरात पाणीपुरवठा, शाळाखोल्या, ग्रामपंचायतीची करवसुली अशा विषयांवर आपण चर्चा केली. त्यात मुंबईतील भाड्याच्या खोलीचा विषय कशासाठी, अशी शंका आपल्यापैकी काहींच्या मनात आली असेल. ती रास्त आहे. म्हणून प्रथम एक प्रसंग सांगतो.

काही वर्षांपूर्वी एक ज्येष्ठ शिक्षक माझ्या कार्यालयात आले. त्यांच्या हातात शंभर रुपयांच्या मुद्रांक कागदावरील एक करारनामा होता. त्यांच्या एका विद्यार्थ्याला मुंबईत फोर्ट भागात नोकरी लागली होती. परळच्या एका चाळीत त्याला खोली मिळाली. वडिलांनी बैल विकून पन्नास हजार रुपये अनामत रक्कम भरली. तीन आठवड्यांनी खोलीचा खरा मालक दारात उभा राहिला. पैसे घेणारा मनुष्य त्या खोलीत केवळ काही महिन्यांसाठी राहत होता, आणि आता त्याचा पत्ता नव्हता. गुरुजी मला म्हणाले, “साहेब, कागदावर नोटरीचा शिक्का आहे. मग हे असे कसे झाले?” त्या मुलाने नोकरी सोडली व तो गावी परतला. एका खोलीच्या कागदापायी एका कुटुंबाची उमेद खचली. गावाशी या विषयाचा संबंध तो हा असा आहे.

गावकीची खोली

मुंबईच्या मध्यवस्तीत परवडणारी जागा मिळणे पूर्वीही सोपे नव्हते. १८९६ साली शहरात प्लेगची साथ आली आणि दाटीच्या वस्तीचे भयंकर परिणाम राज्यकर्त्यांना दिसून आले. १८९८ साली नगर सुधारणा विश्वस्त मंडळाची स्थापना झाली व त्याने चाळी बांधल्या. पुढे १९२० च्या दशकात विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे २०७ चाळी उभारल्या. त्यांनाच आपण बी. डी. डी. चाळी म्हणतो. एकेक खोली सुमारे १६० चौरस फुटांची. पण ती कामगाराला भाड्याने मिळण्यासाठीच बांधलेली होती.

गिरणीत नोकरीला येणाऱ्या कोकणातील तरुणाला मात्र अशी खोलीही एकट्याने परवडत नसे. त्याची सोय गावकीने केली. गावाच्या मंडळाने गिरगाव, लालबाग, परळ या भागांत एखादी खोली धरलेली असे. प्रत्येकाची एक ट्रंक, भिंतीवरची एक खुंटी व निजण्यापुरती जागा. कोणी दिवसपाळीला, कोणी रातपाळीला. जेवण खानावळीत आणि खोलीचे भाडे वर्गणीतून. गोव्याच्या गावांनी धोबीतलाव परिसरात चालविलेल्या ‘कूड’ याच पद्धतीच्या होत्या. बोटीवरच्या नोकरीची वाट पाहणारा खलाशी तेथे अल्प वर्गणीत राहत असे.

या व्यवस्थेत गैरसोय पुष्कळ होती आणि स्त्रियांना तिच्यात स्थान नव्हते. तिचे गुणगान करण्याचा माझा हेतू नाही. तथापि एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. नव्याने आलेल्या मुलाला मालक ओळखत नसे; तो गावाला ओळखत असे. गावाच्या हमीवर खोली मिळे.

खोल्या का आटल्या?

दुसऱ्या महायुद्धानंतर घरांची टंचाई तीव्र झाली. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजी असलेले भाडे हा आधार धरला. भाडेकरूला त्यामुळे संरक्षण लाभले व हजारो कुटुंबे शहराच्या मध्यभागी टिकून राहिली. परंतु भाडे तेवढेच राहिले आणि दुरुस्तीचा खर्च वाढत गेला. नवीन खोली भाड्याने देण्यास मालक नाखूश झाले आणि पागडीची प्रथा बळावली. १९७३ साली कायद्यात दुरुस्ती होऊन त्या वर्षीच्या १ फेब्रुवारी रोजी लायसन्सवर राहणाऱ्यांनाही भाडेकरूचे संरक्षण देण्यात आले. ज्यांना ते मिळाले त्यांचे भले झाले. पण दिलेली जागा परत मिळणार नाही, ही भीती मालकांच्या मनात कायमची बसली.

१९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने गोठविलेल्या भाड्याच्या तरतुदी अवाजवी ठरविल्या. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आला व तो ३१ मार्च २००० पासून अंमलात आहे. जुन्या भाडेकरूंचे भाडे वर्षाला ४ टक्के वाढविण्याची मुभा त्याने दिली. आज नवीन माणसाला जी जागा मिळते ती बहुधा लिव्ह अँड लायसन्स पद्धतीने. तिचे भाडे उभय पक्षांत ठरते व त्याला कायद्याची कमाल मर्यादा नाही.

परिणाम आकड्यांत पाहावा. केंद्र सरकारच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीनुसार देशातील शहरांत भाड्याच्या घरांचे प्रमाण १९६१ साली ५४ टक्के होते. २०११ साली ते २८ टक्के झाले. त्याच पाहणीत २०११ च्या जनगणनेच्या आधारे मुंबईत सुमारे ४ लाख ८० हजार घरे रिकामी असल्याचे नमूद आहे. बी. डी. डी. चाळींचा आता पुनर्विकास होत आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतील ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या देण्यात आल्या. पिढ्यान्‌पिढ्या अपुऱ्या जागेत राहिलेल्या या कुटुंबांना मालकीचे घर मिळाले, ही आनंदाची गोष्ट होय. मात्र नव्याने येणाऱ्या तरुणासाठी भाड्याची खोली त्यातून निर्माण होत नाही, हेही तितकेच खरे.

अकरा महिन्यांचा गैरसमज

आता गुरुजींच्या प्रश्नाकडे येतो. एक वर्षापेक्षा कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला १९०८ च्या नोंदणी कायद्याखाली सक्तीची नोंदणी लागत नाही. त्यावरून अकरा महिन्यांच्या कराराची प्रथा पडली आणि ‘अकरा महिन्यांचा कागद साधा चालतो’ असा समज रूढ झाला. महाराष्ट्रात तो चुकीचा आहे. १९९९ च्या अधिनियमाच्या कलम ५५ नुसार मुदत कितीही असो, भाड्याचा अथवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी असला पाहिजे व त्याची नोंदणी झाली पाहिजे. ही जबाबदारी मालकावर आहे. ती न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे.

खर्चाचे भय बाळगण्याचेही कारण नाही. समजा, भाडे दरमहा १२ हजार, मुदत ११ महिने व अनामत ५० हजार रुपये आहे. एकूण भाडे अधिक अनामत रकमेवर १० टक्के दराने धरलेले व्याज, यांवर पाव टक्का मुद्रांक शुल्क लागते. ते सुमारे साडेतीनशे रुपये होते. महानगरपालिका क्षेत्रात नोंदणी फी एक हजार रुपये आहे. हाताळणीचा किरकोळ खर्च निराळा. नोंदणी ऑनलाइन होते. उभय पक्षांची छायाचित्रे व अंगठ्यांचे ठसे घरबसल्या घेतले जातात. हा खर्च वाचविण्याच्या नादात त्या मुलाने पन्नास हजार गमावले.

नोंदणी मालकाच्याही हिताची आहे. मुदत संपल्यावर जागा न सोडणाऱ्याविरुद्ध कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते व त्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मिळते. जागा परत मिळेल याची खात्री पटली म्हणजे मालक खोली देण्यास तयार होतो. परंतु याच कलमानुसार लेखी करारातील मजकूर निर्णायक पुरावा मानला जातो. म्हणून प्रत्येक ओळ वाचल्यावाचून सही करू नये, हे मुलांच्या मनावर बिंबवले पाहिजे.

सही करण्यापूर्वी

पहिली गोष्ट म्हणजे मालकी. मालमत्ता कराची पावती, वीजबिल व नोंदणी कार्यालयातील सूची क्रमांक २ पाहावी. गृहनिर्माण संस्था असल्यास सचिवांकडे चौकशी करावी. या चौकशीआधी ‘टोकन’ म्हणूनही रक्कम देऊ नये. पैसे बँकेमार्फत द्यावेत आणि पावती घ्यावी.

दुसरी गोष्ट अनामत रकमेची. किल्ली परत देतेवेळीच ती परत मिळेल, कोणत्या कारणासाठी किती कापली जाईल, मुदतीपूर्वी खोली सोडल्यास काय, सूचना किती दिवसांची, हे सारे करारात यावे. केंद्राने २०२१ साली प्रसृत केलेल्या नमुना भाडेकरार कायद्यात निवासी जागेची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याइतकी मर्यादित केली आहे. पण हा नमुना आहे, राज्याने स्वीकारल्यावाचून तो बंधनकारक होत नाही. तूर्त आपला करार हाच आपला आधार.

तिसरी गोष्ट हिशेबाची. खोलीचे भाडे मिळकतीच्या तिसऱ्या हिश्शापलीकडे जाऊ नये. दूरच्या उपनगरातील खोली स्वस्त दिसते. परंतु विरार ते चर्चगेट हे अंतर सुमारे ६० किलोमीटर आहे आणि रोजचे तीन तास गाडीत जातात. उलट मध्यवस्तीतील खोली तिघांनी मिळून घेतल्यास पुष्कळदा तेवढ्यातच भागते. मात्र तसे असेल तर तिघांचीही नावे करारात हवीत. दलाली व प्रवासखर्च धरूनच तुलना करावी. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यास कळविण्याचे आदेश वेळोवेळी निघतात; त्यांचे पालन झाले आहे ना, हेही पाहावे.

एक कटू गोष्ट येथे बोलली पाहिजे. आडनाव, धर्म किंवा एकटी मुलगी असल्याचे पाहून खोली नाकारली जाते. कागदपत्रे कितीही चोख असली तरी हा अनुभव येतो व मुले तो घरी सांगत नाहीत. अशा वेळी कोणी ओळखीचे माणूस शब्द टाकणारे असेल तर मोठा आधार होतो.

गावाने काय करावे?

पूर्वी गावाने खोली धरली. आज तेवढे करणे प्रत्येक गावाला शक्य नाही. पण तीन गोष्टी विनाखर्च करता येतील. पंचायतीने शहरात स्थायिक झालेल्या आपल्या ग्रामस्थांची, त्यांच्या संमतीने, यादी ठेवावी. नवख्या मुलाला खोली पाहताना त्यांतील एकाने सोबत जावे. शिक्षकांनी शाळा-महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षी एक तास करारनामा वाचण्यासाठी द्यावा. नमुना फळ्यावर लिहून समजावून सांगावा. आणि फसवणूक झालीच, तर मुलाला दोष न देता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे न्यावे. स्त्रिया तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत साहाय्य मिळते.

घरांची टंचाई धोरणाने व बांधकामानेच दूर होईल. पंतप्रधान आवास योजनेच्या २०२४ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या टप्प्यात परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचा स्वतंत्र घटक आहे, ही स्वागतार्ह गोष्ट होय. परंतु ती घरे उभी राहीपर्यंत आपली मुले थांबणार नाहीत. पुढच्या जूनमध्ये तुमच्या गावातून कोणी तरी ट्रंकेऐवजी पाठपिशवी घेऊन गाडीत बसेल. गावकीच्या खोलीने दिलेली हमी त्याच्यापाशी नसेल. निदान कोणत्या कागदावर सही करायची आणि कोणत्या नाही, एवढे ज्ञान तरी त्याच्यापाशी असावे.

त्या गुरुजींनी पुढच्याच वर्षापासून आपल्या शाळेत हा तास सुरू केला. आपणही तो सुरू करावा, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.

जय हिंद! जय महाराष्ट्र!